शिवीन, शिवशील, शिवेल

८ जानेवारी

मास्तर,

जन्मभर तुला धाकट्या म्हटलं, आज मास्तर म्हणते आहे, म्हणजे काम माझं आहे हे तू ओळखलंच असशील. मला स्पॅनिश शिकव.

हसू नकोस. तीस वर्षं तू बोटीवरच्या आणि बँकेतल्या लोकांना ती भाषा शिकवलीस, मग सख्ख्या बहिणीला शिकवायला काय जड आहे? फोनवर जमणार नाही, तुझे कान गेले. म्हणून पत्राने. मी पानाच्या डाव्या अर्ध्यात लिहीन, उजवा अर्धा कोरा ठेवीन. तू तिथे चुका दुरुस्त करून तेच पान परत धाड. फक्त लाल शाई वापरू नकोस. आमच्या कारखान्यात लाल खडूची खूण म्हणजे कापड बाद. दिवसभर हॉस्पिटलचे गणवेश कापून घरी यायचं आणि पुन्हा लाल रेघा बघायच्या, एवढं बळ माझ्यात नाही.

कारण तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, म्हणजे मला पळवाट उरणार नाही. ठकी गेली त्या दिवशी मी दारात उभी राहून पोटच्या पोरीला म्हणाले, 'त्याच्याबरोबर गेलीस तर समज तुझी आई मेली.' तूही तिथेच होतास, तेव्हा तुला चांगलं ऐकू यायचं. नऊ वर्षं झाली. राग माझा चार दिवसांत उतरला, पण आधी कोणी बोलायचं यावर मी अडून बसले. तिचा पत्ताही तुझ्याकडेच, माझ्याकडे नाही. गेल्या खेपेला आलास तेव्हा तुझ्या तोंडून निसटलं की तिची छोटी सहा वर्षांची झाली आणि तिला तिकडचीच भाषा येते. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

जूनअखेर माझी नोकरी संपते. मग मी तिकडे जाणार. ठकीची माफी आपल्या भाषेत मागता येईल. पण जावयाला 'मी हिची आई' हे त्याच्या भाषेत सांगायचं आहे, आणि नातीशी तर बोलायचंच आहे. मुकी आजी काय कामाची?

ताई


२० जानेवारी

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. शिकवतो. हिरवी शाई आणून ठेवली आहे.

तुझ्या हातातलंच क्रियापद घेऊ. कोसेर, म्हणजे शिवणे. गुणी क्रियापद आहे, नियम सोडून वागत नाही. शेवटचं 'एर' कापायचं आणि शिवणारा कोण ते बघून नवं शेपूट लावायचं. कोसो, मी शिवते. कोसेस, तू शिवतेस. कोसे, ती शिवते. कोसेमोस, आम्ही शिवतो. कोसेइस, तुम्ही शिवता. कोसेन, त्या शिवतात. सहाच्या सहा रोज दहा वेळा मोठ्याने म्हण. शेजाऱ्यांची फिकीर करू नकोस, तुझ्या आवाजाची त्यांना एव्हाना सवय झाली असेल.

पण घाई करू नकोस, ताई. जायचं नंतर बघू, आधी वर्तमानकाळ पक्का होऊ दे. औषधाच्या दुकानावरच्या या दोन खोल्यांत मी आणि पुस्तकं, एवढंच आहे. दार वाजलेलं कळत नाही म्हणून पोस्टमन पत्र दाराखालून आत सरकवतो. तुझं अक्षर दिसलं की दिवस बरा जातो.

तुझा धाकटा


३ मार्च

मास्तर,

कारखान्यात मला आता सगळ्या 'परदेशी बाई' म्हणतात. टेबलावर कापडाचे चाळीस थर पसरून होईपर्यंत मी पुटपुटत असते आणि बटणांची काजं करणारी काजवाली समोर बसून माझी परीक्षा घेते. तिला त्या भाषेतलं अक्षर कळत नाही. पण मी जरा अडखळले की 'चूक!' म्हणून ओरडते, आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर असतं.

वर्तमानकाळ झाला. भूतकाळ झाला. मग तू म्हणालास आणखी एक भूतकाळ आहे, तोही घोकला. आता भविष्यकाळ दे. मला पुढचं बोलायचं आहे. सहा वर्षांच्या पोरीला मी काल काय केलं त्याच्याशी काय देणंघेणं? तिला सांगायचं असतं की उद्या आपण काय करू.

सोबत बंद पाकीट आहे, ते ठकीला पुढे पाठव. आत चारच ओळी आहेत. पहिल्याच ओळीत माफी मागितली आहे, उगाच कारणं दिलेली नाहीत. आणि व्हिसाच्या कचेरीतला कारकून म्हणतो, तिकडे जायला मुलीचं निमंत्रणपत्र लागेल. तेवढं तिच्याकडून मागव. पासपोर्ट आला. फोटोत मी चोरासारखी दिसते, तरी दिला बिचाऱ्यांनी.

ताई


१७ मार्च

ताई,

तुझं पाकीट त्याच दिवशी पुढे धाडलं. निमंत्रणाचंही विचारलं आहे. ठकी कामात असते, वेळ लागेल.

भविष्यकाळ एवढ्यात नको. तुझा पाया कच्चा आहे, मागच्या पानावर अकरा चुका होत्या. त्याआधी तिसरा भूतकाळ करून टाकू. 'मी शिवलं आहे', 'तू शिवलं आहेस', असा. ए कोसीदो, आस कोसीदो. पुढची चार रूपं मागच्या बाजूला लिहिली आहेत. हा फार उपयोगाचा आहे, रोजच्या बोलण्यात पावलोपावली लागतो.

काजवालीला माझा नमस्कार सांग. तीस वर्षांत मला असा मदतनीस मिळाला नाही.

धाकटा


९ एप्रिल

मास्तर,

तिसरा भूतकाळ तुझ्यापाशीच ठेव. माणसाने मागे मागे तरी किती जायचं?

रविवारी ग्रंथालयात जाऊन पुस्तक काढलं. भविष्यकाळ चौथ्या धड्यात आहे. चौथ्या! आणि इतका सोपा की मला तुझा रागच आला. वर्तमानकाळात तू मला आधी कापायला लावलंस. इथे काही कापायचंच नाही, आख्खं कोसेर तसंच ठेवायचं आणि मागे जोडायचं. तू दिला नाहीस म्हणून मीच केला. तपास:

कोसेरे. मी छोटीचा फ्रॉक शिवीन.
कोसेरास. छोटे, तू बाहुलीचा झगा शिवशील.
कोसेरा. ठकीला सुईत दोरा ओवायचासुद्धा कंटाळा, पण तीही शिवेल.
कोसेरेमोस. आम्ही तिघी खिडकीशी बसून शिवू.
कोसेरेइस. मी दमले की तुम्ही दोघी शिवाल.
कोसेरान. मी नसेन तेव्हा त्या शिवतील.

एक तरी चूक काढून दाखव.

आणि आता खरं बोल. लहानपणी काही फोडलंस, सांडलंस की मी त्या खोलीत जाऊ नये म्हणून तू मला बाहेर गोष्टी सांगत बसायचास. हे तुझे भूतकाळ त्यातलेच वाटतात. घरमालकाला मी सांगून मोकळी झाले की जूनअखेर खोली सोडते. नोकरी आणि खोली एकाच दिवशी सुटणार, पुढे मला फक्त ठकीचं दार आहे. निमंत्रण का येत नाही?

ताई


१८ एप्रिल

ताई,

आधी घरमालकाकडे जा. खोली सोडत नाही म्हणून सांग. मग पुढचं वाच.

ठकी तुला बोलावणार नाही. तिकडे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात सासूने तिला विचारलं, तुझी आई काय करते? ठकी म्हणाली, आई वारली. सासूने तिला पोटाशी धरलं, तेव्हापासून लेकीसारखं वागवलं. जावयाला तेच माहीत आहे. छोटीलाही तेच सांगितलं आहे. छोटी झाली त्या वर्षी ठकीने मला हे कळवलं आणि तुला सांगायची माझी छाती झाली नाही. सहा वर्षं माझ्या पोटात आहे. जानेवारीत तुझं पत्र आलं तेव्हा वाटलं, तू माफी मागितलीस की तिचं मन वळेल, तोवर शिकवत राहू. तिने तुझं पाकीट उघडलं, वाचलं, आणि मला जे लिहिलं ते जसंच्या तसं उतरवतो:

'मामा, ती आता दारात येऊन उभी राहिली तर मी नवऱ्याला काय सांगू? जिच्यासाठी त्याने नऊ वर्षं माझे डोळे पुसले ती बाई जिवंत आहे? छोटीला काय सांगू, तुझी आई खोटं बोलते? मला तिचा राग नाही, खरंच नाही. पण समज आई मेली, असं तीच म्हणाली होती. मी समजले.'

भविष्यकाळ मी मुद्दाम टाळला. जे होणार नाही ते तुझ्याकडून सहा वेळा लिहून घ्यायचं आणि हिरव्या शाईने बरोबर म्हणायचं, हे माझ्याच्याने होईना. तुझ्या पानावर चूक नाही. तसंच परत पाठवतो आहे.

मला काय हवं ते बोल.

धाकटा


२५ मे

ताई,

पाच आठवडे झाले. शिव्या दे, पण लिही. दाराखालची फट मी दिवसातून दहादा बघतो. खोलीचं काय झालं? जेवतेस ना? काजवालीला कारखान्याच्या पत्त्यावर पत्र टाकू का?

धाकटा


३० जून

मास्तर,

काजवालीला पत्र टाकू नकोस, ती ते मोठ्याने वाचेल.

खोली राहिली. घरमालकाने कटकट केली, शेवटी नव्या भाडेकरूला मागची खोली दिली. नोकरी मात्र आज संपली. सगळ्यांनी मिळून मला निरोपाला कात्री दिली. चाळीस वर्षं कात्री चालवलेल्या बाईला कात्री! मी हसले आणि हसता हसता रडायला लागले. मुकादम म्हणाला, बाई, अधूनमधून येत जा. सगळ्यांना वाटलं मी नोकरीसाठी रडते आहे. वाटू दिलं.

तुझ्यावर रागावले होते. महिनाभर इतकी रागावले होते की तुझं अक्षर दिसलं तरी अंगाचा तिळपापड व्हायचा. आता नाही. ठकीवर रागावायला मी तोंड कुठून आणू? मी एक वाक्य बोलले, तिने ते नऊ वर्षं निभावलं. आई वारल्याचं सांगताना ती खरोखर रडली असेल, त्याशिवाय सासूने तिला पोटाशी धरलं नसतं. म्हणजे माझ्या नावाने ती एकदा रडून झाली. त्या वेळी मी इथे ठणठणीत होते, कापड कापत होते, आणि तिने आधी बोलावं म्हणून वाट बघत होते. हे मनातून जात नाही रे. जेवताना आठवतं आणि ताट बाजूला सारते. बाकी सगळं सहन होतं, हे होत नाही.

पण मी पडून राहणारी नाही. ऐक. आई मेली ना? ठीक आहे, मेली. तुझ्या ओळखीची एखादी शिंपीण असू शकते की नाही? लांब कुठेतरी राहणारी म्हातारी, लहान मुलींचे कपडे शिवते, तुझ्या सांगण्यावरून छोटीला एक फ्रॉक पाठवते. ठकीला एवढंच विचार. आजी हा शब्द मी कुठे लिहिणार नाही. माझा पत्ता नको, सगळं तुझ्यामार्फत जाऊ दे. मला फक्त मापं हवीत. छाती, कंबर, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत उंची, बाही.

नाही म्हणाली तर मला लगेच कळव. या खेपेला भूतकाळ शिकवत बसू नकोस.

ताई


४ ऑगस्ट

ताई,

ठकीचा कागद सोबत जोडला आहे. वर चार आकडे आहेत. छाती चोवीस इंच, कंबर बावीस, उंची पंचवीस, बाही आठ. खाली एक ओळ आहे, 'गळा खोल नको, तिला सर्दी होते.'

बाकी काही नाही. मी कागद उलटूनही बघितला.

धाकटा


२९ ऑगस्ट

मास्तर,

फ्रॉक वेगळ्या पाकिटातून धाडला आहे. निळा आहे. गळा अगदी बंद ठेवला आणि आतून मऊ अस्तर लावलं, म्हणजे टोचणार नाही. खिसे दोन. या वयाच्या पोरींना खिसे लागतात, ठकी दगड भरून आणायची. शिवणीत दोन बोटं माया सोडली आहे, उसवली की पुढच्या वर्षीही अंगाला होईल. ठकीला कळेल कुठे उसवायचं ते.

सबंध फ्रॉक हाताने शिवला. मशीनवर दोन तासांत झाला असता, पण मला तो लवकर संपायला नको होता. छातीचं माप घेऊन टेप टेबलावर गोल ठेवला आणि त्या गोलाकडे बघत बसले. एवढीशी आहे ती. एवढीच आहे.

सोबत चिठ्ठी घातली आहे. 'हा फ्रॉक तुझ्यासाठी. पुढच्या वर्षी तू वाढशील, मी मोठा शिवीन. शिंपीण.' वाढशीलला क्रेसेरास घातलं आहे, पुस्तकातून घेतलं. तेही गुणीच निघालं. तपासून मगच पुढे पाठव.

ताई


१२ ऑक्टोबर

ताई,

छोटीचं पत्र आलं आहे. स्वतःच्या हाताने लिहिलं आहे, अक्षरं केवढी मोठी बघ. पाकीट नव्हतं, ठकीच्या चिठ्ठीत घडी घालून ठेवलेलं होतं, म्हणून मी वाचलं. ठकीने एवढंच लिहिलं आहे, 'छोटीने हे लिहिलं आणि मला नाही म्हणता आलं नाही.'

पत्र तुझ्यापासून लपवायचा मोह झाला. पण कानाला खडा लावला आहे. तुला आता सगळं समजेल, समजू नये असं आज पहिल्यांदाच वाटतं आहे. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

धाकटा


२६ ऑक्टोबर

मास्तर,

पत्र समजलं. पुस्तक उघडावं लागलं नाही. ती म्हणते, फ्रॉक छान बसला, खिशात सात शिंपले मावतात. आई फ्रॉक हातात धरून खिडकीशी बसून राहिली आणि जेवायला हाक मारली तरी आली नाही. पुढे लिहिते, 'माझी आजीसुद्धा शिवायची. ती मी जन्मायच्या आधी वारली. तू तिला ओळखत होतीस का?'

आठ दिवस ते पान घेऊन बसले. काजवाली येऊन गेली, तिला काही सांगितलं नाही. तुझं म्हणणं, उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. पण पोरीने विचारलं आहे. उत्तर लिहिलं आहे, मागच्या बाजूला स्पॅनिशमध्ये आहे, इथे आपल्या भाषेत देते, म्हणजे मला काय म्हणायचं होतं ते तुला कळेल:

'हो, मी तिला ओळखत होते. आम्ही दोघी एकाच टेबलावर काम करायचो. ती चांगली कापायची, चांगली शिवायची. पण तापट होती, तिच्या जिभेला हाड नव्हतं. एकदा ती तुझ्या आईला फार वाईट बोलली. तुझ्या आईची काही चूक नव्हती. नंतर तिला रोज त्याचं दुःख व्हायचं, रोज वाटायचं की आज तिला पत्र लिहावं, आणि लिहिलं नाही. ते सांगायच्या आधीच ती वारली. तुझ्या आईवर तिचा फार जीव होता. तुझ्या आईला हे माहीत नसेल, तिला सांग. तू त्या बाईला फार आवडली असतीस. पुढच्या फ्रॉकला कुठला रंग हवा ते कळव, मी शिवीन.'

तुझे तिन्ही भूतकाळ उपयोगी पडले. 'आवडली असतीस' मात्र मला येत नाही, ते रूप तू अजून शिकवलेलं नाहीस. तेवढी जागा सोडली आहे, तू भर.

आणि नीट तपास. छोटीला एवढी लांब वाक्यं अजून वाचता येत नसणार, ठकीलाच ते तिला मोठ्याने वाचून दाखवावं लागेल. एकही चूक राहू देऊ नकोस. वाचताना ती कुठे अडायला नको.

ताई